राखीव गोली

नूपुरने तिसरा चेंडू मुद्दाम रुचाच्या डाव्या हाताकडे मारला. जोरात नाही, सरावाला मारतात तेवढाच. असला चेंडू रुचा एरवी गप्पा मारता मारता पकडायची. आज तिने तो पकडला नाही. तळहाताने बाजूला ढकलला आणि चेंडू खांबाला घासून बाहेर गेला.

"पकड ना," नूपुर म्हणाली.

"ऊन येतंय गं डोळ्यावर."

ऊन रुचाच्या पाठीशी होतं. नूपुरने पुढचा चेंडू पायाखाली दाबून धरला आणि मारायची थांबली.

सेमीफायनल सुरू व्हायला अजून तासभर होता. परळच्या त्या मैदानावर पलीकडच्या गोलसमोर पिवळ्या जर्सीतल्या पोरी सराव करत होत्या आणि अलीकडे गिरणगाव एफसीच्या. आज जिंकणारा संघ रविवारी फायनल खेळणार आणि फायनल जिंकणारा संघ राष्ट्रीय लीगमध्ये जाणार, म्हणून आज दगडी पायऱ्यांवर माणसं नेहमीपेक्षा लवकर येऊन बसायला लागली होती.

मॅचआधी पहिल्या गोलकीपरला तयार करायचं काम दुसरीचं असतं. तिला आधी सोपे चेंडू द्यायचे, मग अवघड, आणि शेवटी पुन्हा दोन सोपे, म्हणजे ती खुशीत गोलमध्ये उभी राहते. तिची बोटंही दुसरीनेच बांधायची. आपल्या एका हाताने आपलाच दुसरा हात नीट बांधता येत नाही, म्हणून सगळीकडे हीच रीत. नूपुरने ही कामं मुंबईत केली, गोव्यात केली, कटकला केली आणि पुन्हा मुंबईत येऊन केली. क्लब बदलले, जर्सीचे रंग बदलले, पण राखीव खेळाडूची खुर्ची तीच राहिली. तिने खेळलेल्या मॅचेस हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या, आणि त्यातल्याही दोन मैदानात पाणी साचलं म्हणून अर्ध्यावर सुटल्या होत्या.

आज मात्र रुचा घरूनच बोटं बांधून आली होती. टॅक्सीतून उतरली तेव्हाच हातात ग्लव्हज. "आईने दिली बांधून," ती म्हणाली होती, आणि नूपुरला वाईट वाटलं होतं. एवढंही काम राहिलं नाही का आपलं, असं मनात येऊन गेलं होतं. आता तिला वेगळंच काहीतरी दिसायला लागलं.

ती गोलपाशी गेली. "ग्लव्ह काढ."

"कशाला?"

"काढ म्हणते ना. डावा."

रुचाने मैदानाच्या मध्यावर नजर टाकली. संघाचे कोच वसंत सर तिथे पंचांशी बोलत उभे होते, त्यांची पाठ इकडे होती. तिने हळूच ग्लव्ह ओढला. नूपुरने पट्टी सोडली. करंगळीच्या शेजारचं बोट दुप्पट झालं होतं, मधल्या पेरावर निळं पडलं होतं.

"सरळ कर."

रुचाने केलं. ते अर्धंच सरळ झालं.

"कधी लागलं?"

"परवा. प्रॅक्टिसला. प्रितीचा शॉट होता."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बोलून काय करू? बसवलं असतं सरांनी."

"मोडलंय हे, रुचा."

"नाही मोडलेलं. मोडलं असतं तर एवढं हललं असतं का?"

"माझं पण हलत होतं," असं म्हणून नूपुरने आपली उजवी करंगळी तिच्यापुढे धरली. ती करंगळी बाकीच्या बोटांचं ऐकायची नाही, कायम बाहेर भलतीकडेच बघत असायची. संघातल्या पोरी तिच्यावरून नूपुरची यथेच्छ चेष्टा करत. आज रुचा हसली नाही.

"ताई, ऐक ना. आज केरळच्या क्लबची माणसं आलीत. मला बघायला आलीत. आजचा दिवस गेला तर परत कोण येणारे गिरगावातल्या पोरीला बघायला?"

"माहितीये मला."

"मग सरांना नाही ना सांगणार? तू कधी कुणाचं काही सांगत नाहीस. म्हणून तर तुझ्यासमोर ग्लव्ह काढला."

नूपुर पट्टी पुन्हा गुंडाळू लागली. दुखरं बोट शेजारच्या मधल्या बोटाला लावून, पेराच्या वर एक आणि खाली एक वेढा, हवा खेळेल इतका सैल. हात आपोआप चालत होते आणि डोकं तापत चाललं होतं.

नूपुर म्हणजे सोनं, असं संघात सगळेच म्हणत. पाणी हवंय, नूपुर. घोटा दुखतोय, नूपुर. घरी भांडण झालंय, नूपुरताईशी बोल. गेल्याच आठवड्यात वसंत सरांनी तिला चहाला बसवून सांगितलं होतं की पुढच्या वर्षीपासून असिस्टंट म्हणून ये, पोरींना घडव, तुझ्यासारखी बाई शोधून मिळणार नाही. करार खेळाडूचा नसेल हे त्यांनी अगदी प्रेमाने, बिस्किटाची बशी पुढे करत सांगितलं. "बघते सर," म्हणून ती उठली होती आणि घरी कुणाला काही बोलली नव्हती. सर वाईट माणूस नव्हते. पण तुझं खेळून झालं का, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. तिचं खेळून झालं नव्हतं. तिचं खेळणं अजून सुरूच कुठे झालं होतं?

आणि आता हे बोट. ते बघितल्या बघितल्या तिला पहिल्यांदा रुचाची दया आली नव्हती. तिला आनंद झाला होता. लख्ख, पोटातून आलेला आनंद. लगेच त्याची लाजही वाटली, पण लाज वाटली म्हणून आनंद काही हलला नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसून राहिले.

"थँक्यू ताई," रुचा म्हणाली आणि ग्लव्ह चढवू लागली.

नूपुर वळली आणि मैदानाच्या मध्याकडे चालू लागली.

"ताई? ए ताई, कुठे चाललीस?"

वसंत सर पंचांशी बोलणं संपवून शिट्टीच्या दोरीशी चाळा करत होते. नूपुर त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, रुचाचं बोट मोडलंय. डाव्या हाताचं. परवा लागलंय. ती आज खेळू शकत नाही."

"काय सांगतेस?"

"आणि सर, मला खेळायचंय."

सरांनी तिच्याकडे चमकून बघितलं. "अगं, रुचा नसेल तर तूच खेळणार ना. ते वेगळं कशाला सांगायला हवं?"

"हवं, सर. मागाहून कुणी म्हणायला नको, मनात एक होतं आणि बोलली दुसरं. तिचं बोट मोडलंय हे पण खरंय, आणि मला खेळायचंय हे पण."

एव्हाना रुचा धावत आली होती. तिच्या मागोमाग कॅप्टन अपूर्वाही आली. सरांनी हात पुढे केला. रुचाने ग्लव्ह काढला. सरांनी बोट पट्टीवरून नुसतं चाचपलं, तेवढ्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखत नाहीये," ती म्हणाली. मग तिचा तोल सुटला. "तिला खेळायचंय म्हणून सांगतेय सर ती! इतके दिवस ताई ताई करत होते मी हिला!"

"हो," नूपुर म्हणाली. "खेळायचंय."

सरांनी घड्याळ बघितलं, पायऱ्यांवर बसलेल्या केरळच्या माणसांकडे बघितलं, आणि फिजिओला हाक मारली. रुचाला घेऊन जा, एक्सरे काढून आणा. "नूपुर, तू तयार हो." रुचा फिजिओबरोबर गेटकडे निघाली. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

नूपुर खुर्चीवर बसून स्वतःची बोटं बांधायला लागली. डावा हात जमला. उजव्याला पट्टीचं टोक दातात धरलं तरी वेढे तिरके पडत होते. राखीव गोलीला राखीव गोली नसते, हे तिच्या आज पहिल्यांदाच लक्षात आलं. शेवटी अपूर्वा समोर येऊन गुडघ्यावर बसली आणि तिने पट्टी हातात घेतली.

"मला येत नाही हे नीट."

"येतंय. जरा सैल धर."

अपूर्वाने दोन बोटं गुंडाळली. मान वर न करता म्हणाली, "तुझ्याकडून असं वाटलं नव्हतं गं."

"मला पण नव्हतं वाटलं," नूपुर म्हणाली.

अपूर्वाने मग तिला चार-पाच चेंडू मारले. ती बचावपटू, तिला मारता येतात तसेच, एक आकाशात आणि एक पायऱ्यांवर. तेवढ्या तयारीवर नूपुर गोलमध्ये जाऊन उभी राहिली.

खुर्चीवरून मैदान आडवं दिसतं. गोलमधून ते सगळं आपल्याच अंगावर चालून येताना दिसतं. पहिली दहा मिनिटं तिला काही सुधरेना. अपूर्वाने मागे दिलेला साधा चेंडू तिने लाथाडला तो थेट मैदानाबाहेर, चहावाल्याच्या टपरीपर्यंत गेला. पायऱ्यांवर हशा पिकला. "आजी, दमानं!" कुणीतरी ओरडलं. नूपुरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने ग्लव्हज एकमेकांवर आपटले आणि स्वतःलाच एक सणसणीत शिवी दिली, लालबागची अस्सल. मग जरा बरं वाटलं.

पिवळ्या पोरींना वास लागला होता. नवी गोली आहे, अंग अजून तापलेलं नाही, लांबून मारा, असं त्यांच्या कोच बाईंनी बाहेरून ओरडून सांगितलेलं नूपुरलाही ऐकू आलं. पहिला लांबचा शॉट तिच्या छातीवर आदळला आणि तिने तो तसाच मिठीत धरला. दुसरा पायाने अडवला. तिसऱ्याला ती पडली, खरी पडली, कोपर सोलवटला आणि चेंडू हातात राहिला. उठताना तिला जाणवलं की आपण हसतोय. मध्यंतराच्या थोडं आधी प्रितीने पलीकडे गोल केला. सगळ्या पोरी प्रितीच्या अंगावर पडल्या. नूपुर आपल्या गोलमध्ये एकटीच दोन्ही हात वर करून नाचली. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

तिचे वडील शामराव मध्यंतरानंतर आले. ते लेकीच्या या मैदानावरच्या प्रत्येक मॅचला लालबागहून चालत येत. ती सांगायची, बाबा, मी खेळत नाही तर कशाला येता? तरी ते यायचे. राखीव खेळाडूंच्या खुर्च्यांमागे कुंपणाला हात लावून उभे राहायचे, कारण मुलगी तिथे असायची. इतक्या वर्षांत त्यांना खेळ फारसा कळला नव्हता, पण खुर्च्या बरोबर ठाऊक झाल्या होत्या.

आजही ते सवयीने तिथेच गेले. नूपुरला ते लांबून, आपल्या गोलमधून दिसले. त्यांनी खुर्च्यांवरच्या पोरी एकेक करून न्याहाळल्या. पुन्हा न्याहाळल्या. मग कुंपणावरचा हात काढला, छत्री काखेत मारली आणि गेटकडे निघाले.

काढलं मला असं वाटलं त्यांना, नूपुरच्या मनात आलं. ती हाक मारणार होती. पण पिवळ्यांचा कॉर्नर होता, चेंडू कोपऱ्यात ठेवलेला होता आणि मारणाऱ्या पोरीने हात वर केला होता. बापाकडे बघायचं की चेंडूकडे? तिने मान वळवली आणि चेंडूकडे बघितलं. तो उंच, वळत आला. गर्दीतून दोन पावलं टाकून ती उडाली आणि दोन्ही मुठींनी तिने तो पार लांब फेकला. खाली आली ती कुणाच्या तरी खांद्यावर आपटून. उठली तेव्हा गेटपाशी कुणी नव्हतं.

पुढचा सगळा वेळ पिवळ्या पोरी तिच्या गोलसमोर तळ ठोकून होत्या. नूपुर ओरडून ओरडून बचावाला जागेवर आणत होती. "अपूर्वा, डावीकडे! मागे बघ, मागे!" कॅप्टनला हुकूम सोडायची तिची ही पहिलीच वेळ, आणि अपूर्वा मुकाट्याने ऐकत होती. अगदी शेवटाला त्यांची नऊ नंबरची पोर एकटी सुटली. नूपुर पुढे धावली, खूप पुढे, आणि तिने त्या पोरीच्या पायांवर स्वतःला झोकून दिलं. चेंडू बरगडीत बसला. श्वास बंद झाला, पण चेंडू पोटाखालीच होता. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हाही ती त्याच्यावरच पडून होती.

अपूर्वाने तिला हाताला धरून उठवलं. मग एकदम तिच्या गळ्यात पडली आणि तशीच सुटून बाकीच्यांकडे पळाली.

शामराव पायऱ्यांवर सापडले, सगळ्यात खालच्या पायरीवर, छत्री मांडीवर घेऊन बसलेले. शेजारी मैदानाचा वॉचमन राजरत्न उभा होता.

"अगं ताई, तुझा बाप घरी चालला होता," राजरत्न सांगू लागला. "मी म्हटलं, जय भीम शामराव, मॅच टाकून कुठे? तर म्हणतात, नूपुरला काढली वाटतं. मी म्हटलं, अहो, ती काय, गोलमध्ये उभीये! तर ऐकायलाच तयार नाहीत. म्हणतात, ती आमची नव्हे."

"लांबून दिसलं नाही रे," शामराव म्हणाले. ते नूपुरकडे बघत राहिले, तिच्या सोलवटलेल्या कोपराकडे, मातीने भरलेल्या गुडघ्यांकडे. "आणि ती पोर केवढ्यानं ओरडत होती. आमची कुठे ओरडते?"

नूपुरला हसू आलं आणि रडूही आलं. तिने दोन्ही आवरलं नाही.

वसंत सर आले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "छान." पुढे आणखी काही म्हणणार होते, तेवढ्यात गेटपाशी टॅक्सी थांबली आणि फिजिओबरोबर रुचा उतरली.

पोरींचा गलका हळूहळू बंद झाला. रुचा सरळ चालत आली. तिच्या हाताला प्लास्टर नव्हतं. दोन बोटं एकत्र बांधलेली होती, बस.

"काय म्हणाले डॉक्टर?" सरांनी विचारलं.

"मोडलेलं नाहीये." रुचा सरांशी बोलत होती आणि बघत होती नूपुरकडे. "मुरगळलंय. असं बांधून आज पण खेळता आलं असतं, म्हणाले. रविवारपर्यंत उतरेल सूज."

पायऱ्यांवरून केरळची माणसं उतरून गेलेली होती.

नूपुरने खात्रीने सांगितलं होतं. जराही शंका न घेता, मोडलंय म्हणून. मोडलेलं बोट बघितलं होतं, की मोडलेलं असावं असं वाटत होतं म्हणून तसं दिसलं? तिने मनाशी खूप ताणून बघितलं, पण याचं खरं उत्तर आपल्याला कधीच मिळणार नाही हे तिला कळलं. सगळ्या पोरी तिच्याकडे बघत होत्या. दोन शब्द बोलली असती, मान खाली घातली असती, तर संध्याकाळपर्यंत सगळं पूर्वीसारखं झालं असतं. नूपुर पुन्हा सोनं झाली असती.

"बोटाचं चुकलं माझं," ती म्हणाली. "सॉरी, रुचा. मनापासून."

रुचाचे खांदे जरा सैल झाले. "ठीके. फायनल मीच खेळणार."

"ते सर ठरवतील," नूपुर म्हणाली. "मला पण खेळायचीये."

शामरावांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. सर खाली बघून बुटाच्या टोकाने माती उकरत राहिले.

"तू बत्तीस वर्षांची आहेस, ताई," रुचा म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण नुसता राग नव्हता.

"हो. म्हणून तर."

रुचाने तिला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेतलं. समोरच्या संघाची गोली बघतात तसं. मग वाकून उजव्या हाताने आपली बॅग उचलली, खांद्यावर टाकली आणि निघता निघता थांबली.

"उद्या किती वाजता येतेस प्रॅक्टिसला?"

"सहाला."

"मी साडेपाचला येते," रुचा म्हणाली. "पळायला बोट लागत नाही."